येशूच्या चमत्कारांचे पुरावे संस्कृतमध्ये खोडणारा शास्त्री पुढं स्वतःच फादर झाला

बारामतीहून रेल्वेनं दौंडमार्गे पुण्याला निघालात की वाटेत केडगाव लागतं. इंदापूरची मंडळी सोलापूर हायवेनं येतात, त्यांना चौफुल्यावरचा केडगावचा फाटा माहीत असतो. केडगावची ओळख म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला, यावर आपल्याकडं आजही वाद घातला जातो. पण त्या निर्णयाचं मोठं श्रेय रमाबाईंनी स्वतः ज्या माणसाला दिलं, त्याचं नाव आज फार कुणाला माहीत नसतं.

त्याचं नाव नीलकंठशास्त्री गोऱ्हे. गंमत म्हणजे हा माणूस आधी ख्रिस्ती धर्माचे पुरावे खोडायला बसला होता.

नीलकंठ यांचा जन्म 1825 चा, झाशीकडचा. घराणं चित्पावन ब्राह्मणांचं, पण काशीत स्थायिक झालेलं. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि शिक्षण संस्कृतमध्ये. व्याकरण आणि न्यायशास्त्र त्यांनी काशीतल्या पंडितांकडून घेतलं. न्यायशास्त्र म्हणजे कोर्टकचेरीचं शास्त्र नव्हे. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून ठरवायचं, कुठला पुरावा चालतो आणि कुठला चालत नाही, याचं ते शास्त्र.

तेव्हा काशीच्या रस्त्यांवर मिशनरी प्रवचनं करायचे. त्यात विल्यम स्मिथ नावाचे एक मिशनरी होते. त्यांना गप्प करायचं असं ठरवूनच विशीतले नीलकंठशास्त्री त्यांच्याकडं जायला लागले.

पण खरा सामना एका पुस्तकाशी होता. कंपनी सरकारच्या नोकरीतले स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी 1839 मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा ग्रंथ छापला. तोही संस्कृत श्लोकांत, गुरू-शिष्य संवादाच्या रूपात! खरा धर्म ओळखायचा कसा, तर त्यांनी तीन कसोट्या दिल्या. धर्म सांगणाऱ्याकडं चमत्काराचं सामर्थ्य हवं, त्याचं शास्त्र पवित्र हवं आणि ते सगळ्या माणसांसाठी हवं. तिन्हीत ख्रिस्ती धर्म पास, हिंदू धर्म नापास, असा निकालही देऊन टाकला.

यातली पहिली कसोटी महत्त्वाची, कारण ख्रिस्ती धर्माचा सगळा डोलारा एका चमत्कारावर उभा आहे. येशूला क्रुसावर मारलं, पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत होऊन उठला. याला पुनरुत्थान म्हणतात. ते झालंच नसेल तर आमची श्रद्धा फुकट, असं पौलानं आपल्या पत्रात स्पष्टच सांगून टाकलंय. म्हणून इंग्लंडमधले धर्मपंडित ही घटना कोर्टातल्या केससारखी सिद्ध करायला बघायचे. विल्यम पेली यांचं 1794 चं पुस्तक त्यात सगळ्यात गाजलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्यांनी हे सगळं पाहिलं त्यांनी त्यासाठी हालअपेष्टा सोसल्या, छळ सोसला. खोट्यासाठी कोण एवढं सोसेल? म्यूर यांची मांडणी याच पठडीतली.

'मतपरीक्षे'ला तीन पंडितांनी संस्कृतमध्ये उत्तरं दिली. पहिले 'सोमनाथ' या नावानं लिहिणारे, ते मराठी ज्योतिषी सुबाजी बापू असावेत असं अभ्यासक मानतात. दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरे आपले नीलकंठशास्त्री. 1844-45 च्या सुमारास त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला.

चमत्काराच्या मुद्द्यावर या पंडितांचं म्हणणं सरळ होतं. चमत्कार हीच कसोटी असेल, तर आमच्या पुराणांत चमत्कारांना काय तोटा आहे? कृष्णानं गोवर्धन उचलला. तुमच्या ग्रंथात लिहिलंय म्हणून तुमचा चमत्कार खरा आणि आमच्या ग्रंथात लिहिलंय म्हणून आमचा खोटा, हे कुठल्या न्यायात बसतं?

नीलकंठशास्त्री याच्याही पुढं गेले. त्यांच्या मते नुसत्या तर्कानं धर्माचा निकाल लागतच नाही, आधी शास्त्रावर श्रद्धा असावी लागते आणि तर्क तिच्या मागून येतो. मग तर्क लावायचाच असेल तर तो दोन्हीकडं लावा, म्हणत त्यांनी ख्रिस्ती धर्माला प्रश्न विचारले. दयाळू देवानं जीव निर्माण करून त्यांना कायमच्या नरकात का टाकावं? ज्यांच्या कानावर येशूचं नावच पडलं नाही, त्यांचा काय दोष?

आजच्या नजरेनं पाहिलं तर त्यांच्या पहिल्या मुद्द्यात दम आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. आमच्याकडंही चमत्कार आहेत, एवढ्यानं येशूचा चमत्कार खोटा ठरत नाही. फार तर दोघांना एकच माप लावा, एवढंच सिद्ध होतं. पुढचं काम नंतरच्या अभ्यासकांनी केलं. पौलाचं पत्र येशूच्या मृत्यूनंतर साधारण वीसेक वर्षांनी लिहिलेलं. चार शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासकांच्या मते चाळीस ते सत्तर वर्षांनंतरची. कबरीवर कोण कोण गेलं, तिथं कोण दिसलं, उठलेला येशू गालीलात भेटला की यरुशलेमात, यावर चौघांचे तपशील जुळत नाहीत. मार्कच्या सगळ्यात जुन्या प्रतींत तर रिकाम्या कबरीवरच गोष्ट संपते, उठलेला येशू कुणाला दिसतच नाही. आणि छळ सोसणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा झाला. प्रामाणिक माणसाचा गैरसमज होऊ शकतोच की.

ख्रिस्ती अभ्यासकांकडं यालाही उत्तरं आहेत. पौल जी साक्ष सांगतो ती पत्राच्या बरीच आधीची आहे. आणि गोष्ट रचायचीच असती तर ज्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, त्या काळात पहिल्या साक्षीदार बायका कुणी कशाला दाखवल्या असत्या? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मेलेला माणूस उठला, एवढा मोठा दावा त्याच्या जोरावर तोलला जातो का, हा प्रश्न उरतोच.

नीलकंठशास्त्रींचं पुढं काय झालं? खोडायला म्हणून बायबल वाचता वाचता ते त्यात गुंतले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. 14 मार्च 1848 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीत गोंधळ होईल म्हणून तो जौनपूरला झाला. नाव मिळालं नेहेम्या.

याची किंमत काय होती, हे आज कळणं अवघड आहे. जात गेली, काशीतलं शास्त्री म्हणून असलेलं स्थान गेलं. पत्नी लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण 1853 मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, दुसऱ्यांच्या घरी वाढली. पुढं इंग्रजीत भक्तिगीतं लिहिणारी म्हणून तिचं नाव झालं.

1854 मध्ये पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत गोऱ्हे इंग्लंडला गेले. परत आल्यावर त्यांनी षड्दर्शनांवर टीका करणारा ग्रंथ हिंदीत लिहिला, 1862 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. म्हणजे आता तलवार तीच, पण रोख उलटा. 1870 मध्ये ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले आणि पुढं पुण्यात पंचहौद मिशनमध्ये राहिले. हो, ज्या मिशनमधल्या चहामुळं 1890 मध्ये टिळक-रानडे अडचणीत आले, तेच पंचहौद.

मात्र संशयानं त्यांना कधी सोडलं नाही. ओळखीचे लोक त्यांच्याबद्दल हेच सांगायचे, की एक शंका फिटली की दुसरी तयार. साधं राहणं, फकिरासारखं जगणं आणि आपण चुकलो तर नाही ना, हा घोर. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला पुरावा मागायची सवय लागते, ती धर्म बदलून जात नसावी.

म्हणूनच कदाचित रमाबाईंना ते जवळचे वाटले असतील. रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही त्या सगळं मुकाट मान्य करत नव्हत्या. येशूचं देवत्व, त्रैक्य, कुमारिकेच्या पोटी जन्म, यावर त्यांचे तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून खटके उडत होते. गोऱ्हे तिकडं भारतातून त्यांना लिहीत होते. 1887 मध्ये येशूच्या देवत्वाचे पुरावे मांडणारं त्यांचं पत्रवजा पुस्तकही मुंबईत निघालं. एकेकाळी असल्या पुराव्यांना उत्तर लिहिणारा माणूस आता तेच पुरावे मांडत होता आणि समोर प्रश्न विचारणारी रमाबाईंसारखी संस्कृत पंडिता होती.

गोऱ्हे 29 ऑक्टोबर 1895 ला मुंबईत वारले. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतर उभं राहिलं, ते त्यांनी पाहिलं नाही. आणि तरुणपणी ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिलेला 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'? तो शंभर वर्षं हस्तलिखितातच होता. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादित केलेली त्याची छापील प्रत उज्जैनहून निघाली, तेव्हा साल होतं 1951.