सहा विरुद्ध तीन

विठ्ठलवाडीच्या फलाटावर लोकल उशिरा आली की आम्हा निवृत्तांच्या गप्पा लांबतात. परवा जुन्या ज्यूरीचा विषय निघाला. एकाने विचारले, ज्यूरीत मतभेद झाले तर आरोपी सुटायचा का? मी जन्मभर बँकेत आकडे जुळवलेला माणूस. पण याचे उत्तर मला लोकमान्य टिळकांच्या चरित्रात सापडले होते.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८७९ साली कायद्याचे पदवीधर झाले. वकिलीऐवजी त्यांनी शाळा आणि वृत्तपत्रे काढली. १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली ते मुंबई हायकोर्टात उभे राहिले. समोर न्यायमूर्ती स्ट्रॅची आणि नऊ ज्यूरर. सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष.

इंग्लंडात तेव्हा बाराही जणांचे एकमत लागे. ते झाले नाही तर ज्यूरी बरखास्त होई आणि खटला नव्याने चाले. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हे तत्त्व तिथे आड येत नसे; कारण निकालच लागलेला नसे. आपल्या हायकोर्टात मात्र नवांपैकी सहा मते आणि न्यायाधीशाची संमती पुरे. टिळकांविरुद्ध नेमकी सहाच मते पडली! एक जरी फिरले असते, तर टिळक सुटले नसते. पण शिक्षाही झाली नसती. नव्या ज्यूरीपुढे पुन्हा उभे राहण्याची टांगती तलवार तेवढी उरली असती. शिक्षा झाली दीड वर्षाच्या सक्तमजुरीची.

ती टांगती तलवार काय असते, हे मी नोकरीत पाहिले आहे. एका कॅशियरच्या चौकशीत दोघा अधिकाऱ्यांचे जमले नाही, म्हणून चौकशी नव्याने सुरू झाली. नियमात ते बसत होते. पण तेवढ्या काळात त्या गृहस्थाचे केस पिकले, मुलीचे लग्न लांबले. शेवटी तो निर्दोष ठरला, तेव्हा हसायचेही विसरला होता.

१९०८ साली टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. पण लेख नवे, म्हणून आरोपही नवा. १८९७ मध्ये त्यांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दावर आता न्यायमूर्ती होते. या वेळी मते सात विरुद्ध दोन पडली. बावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. तिथे असतानाच १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या. शेवटची भेट झाली नाही. १९१४ मध्ये ते परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९७३ च्या फौजदारी संहितेनंतर ज्यूरी राहिली नाही. एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला व शिक्षा नको, हे मात्र घटनेच्या विसाव्या कलमात आहे. हे सांगेपर्यंत लोकल आली. विचारणारे गृहस्थ डब्यात चढता चढता म्हणाले, त्या तिघा ज्यूररांची नावे कुठे लिहिलेली असतील का हो? मला सांगता आले नाही.