आपल्या वाटेने गेलेला बिशप

निगडी-आकुर्डीच्या हमरस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते, तेव्हा मला रेजिनाल्ड हेबर आठवतो. १८२५ च्या ऐन पावसाळ्यात हा कलकत्त्याचा बिशप पनवेल, खंडाळा, कार्ले करीत मुंबईहून पुण्याला आला. बोरघाटातला गाडीरस्ता व्हायला अजून पाच वर्षे होती. कार्ल्याची लेणी त्याने आवर्जून पाहिली आणि पुणे कॅम्पातल्या नव्या सेंट मेरीज चर्चचा समर्पणविधी केला. ते चर्च आजही उभे आहे.

हेबर १७८३ चा, चेशरमधला. ऑक्सफर्डचा बक्षीसपात्र कवी, पुढे हॉडनेट गावचा धर्मगुरू. १८१९ साली, भारत न पाहताच, त्याने लिहिलेले मिशनगीत इकडच्या माणसाला हिणवणारे होते. १९२५ मध्ये कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना गांधीजींनी ती सल बोलून दाखवली. रास्तच होती. पण हेबरची प्रवासाची रोजनिशी वाचावी, तर माणूस गीताहून मोठा निघतो, असे माझे मत. नडियादला तो सहजानंद स्वामींना भेटला. आपल्याच देशबांधवांच्या इथल्या तुसडेपणावरही त्याने बोट ठेवले.

पदाचा आवाकाच अमानुष होता: सारा हिंदुस्थान, सिलोन, शिवाय ऑस्ट्रेलिया! आधीचा बिशप मिडलटन १८२२ मध्ये कलकत्त्यातच वारला होता. हेबरला जेमतेम अडीच वर्षे मिळाली. ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीत सकाळचा विधी आटोपून, उन्हाने शिणलेला तो गार पाण्याच्या हौदात उतरला आणि तिथेच गेला. वय ४२. रोजनिशी १८२८ साली पत्नी अमेलियाने छापून आणली.