ऑइल कॅच कॅन आणि पिस्टन रिंगवाले सोइचिरो होंडा



आमचं गाव झरी, तालुका तलासरी. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आतेभावाच्या जुन्या टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल कॅच कॅन बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनिअरिंगची पदवी असली की घरचे मिक्सरपासून गाडीपर्यंत सगळं आपल्यापुढे आणून ठेवतात. कॅन बसवला आणि महिन्याभरात तो काठोकाठ भरला. भाऊ खूश, मीही खूश! आमचं कुठे चुकलं ते मला नंतर कळलं, आणि तेही सोइचिरो होंडा यांचं चरित्र वाचताना.

आधी कॅच कॅन म्हणजे काय ते बघू

सिलेंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा प्रचंड दाब तयार होतो. तो दाब वरच अडवायचं काम पिस्टनवरच्या रिंगा करतात. पण रिंग कितीही चांगली असली तरी थोडा गॅस फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. हा गॅस सोबत तेलाचे बारीक थेंब, वाफ आणि न जळलेलं पेट्रोल घेतो. पूर्वी तो सरळ हवेत सोडायचे. प्रदूषणाचे नियम आल्यावर पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तो परत इनटेकमध्ये पाठवायला लागले. टर्बो गाडीत हेच तेल इंटरकूलरमध्ये साचतं. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, म्हणून व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यावर काजळी बसते. कॅच कॅन हा या वाटेत बसवलेला डबा. आतल्या जाळीवर तेल अडकतं, गॅस पुढे जातो.

म्हणजे सगळा खेळ त्या रिंगेच्या फटीचा. होंडांच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण वर्षं या रिंगेपायीच गेली.

तेलाच्या वासामागे धावणारा मुलगा

सोइचिरोचा जन्म 17 नोव्हेंबर 1906 चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार, पुढे सायकली दुरुस्त करायचे. लहानपणी गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हा पोरगा तिच्यामागे धावला. गाडी थांबली तिथे जमिनीवर तेल ठिबकलं होतं. त्याने खाली वाकून त्याचा वास घेतला आणि ते हाताला चोळलं. इंजिनातून गळणाऱ्या तेलाशी त्याची ही पहिली ओळख!

1922 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तो टोकियोतल्या आर्ट शोकाई या गॅरेजमध्ये कामाला लागला. सुरुवातीचे महिने हातात पान्हा नव्हताच, मालकाचं बाळ सांभाळायचं काम होतं. तरी तो टिकला. 1924 मध्ये गॅरेजने विमानाचं इंजिन बसवून बनवलेली रेसिंग कार शर्यत जिंकली, तेव्हा मेकॅनिक म्हणून तो त्या गाडीत बसला होता. 1928 मध्ये त्याने हामामात्सुला गॅरेजची शाखा उघडली. 1936 मध्ये तामागावाच्या ट्रॅकवर त्याची स्वतःची रेसिंग कार उलटली. तो आणि सोबत बसलेला धाकटा भाऊ, दोघेही जखमी झाले.

50 पैकी 3

यानंतर होंडांनी चालतं गॅरेज सोडून पिस्टन रिंगा बनवायचं ठरवलं. वरून दिसायला लोखंडाचं कडं, त्यात काय मोठंसं? पण रिंगा जमेनात. शेवटी ते हामामात्सुच्या तांत्रिक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांकडे गेले. तपासणीत कळलं, धातूत सिलिकॉन कमी पडतंय. हाताच्या कसबाला इतकी वर्षं जे कळलं नाही ते शास्त्राने सांगितलं. तिशी ओलांडलेले होंडा मग पोरांच्या वर्गात जाऊन बसले. परीक्षा मात्र दिल्या नाहीत, म्हणून नाव काढून टाकलं गेलं.

टोयोटाला तपासायला दिलेल्या 50 रिंगांपैकी फक्त 3 पास झाल्या. त्यांनी चूक कुठे होते ते शोधलं, दुसरे कारखाने पाहिले आणि पुढे टोयोटालाच रिंगा पुरवल्या. 1945 च्या भूकंपात कारखाना कोसळला. उरलेलं सगळं टोयोटाला विकून 1946 मध्ये त्यांनी सैन्याच्या वायरलेस सेटची छोटी इंजिनं सायकलींना बसवायला सुरुवात केली. 1948 मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. 1961 मध्ये त्यांच्या मोटारसायकली आइल ऑफ मॅन टीटी जिंकल्या. 1972 मध्ये कंपनीने कमी धूर सोडणारं सीव्हीसीसी इंजिन दाखवलं आणि पुढच्याच वर्षी होंडा निवृत्त झाले. 1985 मध्ये आपल्याकडे हिरो होंडा सीडी 100 आली, ती त्यांच्या हयातीतच. 5 ऑगस्ट 1991 ला ते गेले.

मग आमच्या गाडीचं काय?

50 पैकी 3 हा आकडा वाचला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही भरलेला डबा बघून खूश होत होतो. पण तेल येत होतं कुठून, हे विचारलंच नव्हतं. मिस्त्रींकडून लीक-डाउन टेस्ट करून घेतली, तर दोन सिलेंडरच्या रिंगा गेलेल्या. इंजिन उतरवावं लागलं. आणखी काही महिने तसंच चालवलं असतं तर बोअरही गेला असता. कॅन रोग बरा करत नव्हता, फक्त दाखवत होता.

तेव्हा कॅन बसवणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

- आधी टेस्ट करून इंजिनाची तब्येत बघा, मग कॅन घ्या.
- आत जाळी नसलेला कॅन म्हणजे नुसता रिकामा डबा. तो घेऊ नका.
- होज पाइप तेल सहन करणारा घ्या आणि कुठेही मुडपू देऊ नका. वाट तुंबली तर क्रँककेसमध्ये दाब वाढून ऑइल सील फुटतात.
- गॅस हवेत सोडू नका, परत इनटेकलाच जोडा.
- गाडी वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचा.
- कॅन वेळच्या वेळी रिकामा करा आणि दर वेळी किती तेल निघालं ते वहीत लिहा. अचानक वाढलं तर गाडी मिस्त्रींना दाखवा.

गळलेलं तेल दिसलं की होंडा आधी खाली वाकून बघायचे. आपणही तेवढं करूया.