नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणणारे सलीम अली आधी स्वतःच शिकारी होते

नाशिकच्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात एक बंधारा बांधला गेला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. माणसाच्या दृष्टीने हे नुकसानच, पण पक्ष्यांना नेमकं हेच हवं होतं. आज हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदीकुंकू बदक, वारकरी असे थवेच्या थवे पाण्यावर दिसतात.

या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात आणि ते नाव डॉ. सलीम अली यांनी दिलं असं सांगितलं जातं.

सलीम अली म्हटलं की आपल्याला पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण आणि पक्ष्यांवर जीव टाकणारा म्हातारा आठवतो. पण हा माणूस पक्ष्यांकडे वळला तो बंदुकीच्या मार्गाने. आणि ज्या भरतपूरवरून नांदूर मध्यमेश्वरला हे नाव मिळालं, ते भरतपूर त्या काळात बदकांच्या कत्तलीसाठी जगप्रसिद्ध होतं.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना खेतवाडीतल्या घरी वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे घरात बंदुका आणि शिकारीच्या गप्पा रोजच्याच. पोराला छऱ्याची बंदूक मिळाली आणि चिमण्या टिपणं सुरू झालं.

एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नाही एवढं पोराला कळलं. त्याने ती मामांना दाखवली, पण मामांनाही ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी दिली आणि भाच्याला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडलं. हे साल १९०८.

मिलार्ड यांनी पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटाचे खण एकामागून एक उघडून मुलाला संस्थेचा संग्रह दाखवला. आत ओळीने मांडलेले शेकडो पक्षी होते. कापूस भरलेले, पिसं जशीच्या तशी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली. मेलेला पक्षी म्हणजे खाण्याची वस्तू एवढंच माहीत असलेल्या मुलाला तिथे पहिल्यांदा कळलं की मेलेला पक्षीही माहिती देतो, फक्त त्याला नीट जपायला हवं.

आता हे जपणं म्हणजे काय ते बघू, कारण पुढचं सगळं आयुष्य याच कामावर उभं राहिलं.

पक्ष्याची कातडी पिसांसकट अलगद सोडवायची. मांस आणि चरबी पूर्ण काढायची, नाहीतर ती सडते आणि तेल पिसांवर उतरतं. आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक असलेला साबण लावायचा म्हणजे किडे लागत नाहीत. मग कापूस भरून पक्ष्याला मूळ आकार द्यायचा, पंख अंगालगत घ्यायचे, पाय बांधायचे. चिठ्ठीवर जागा, तारीख, नर की मादी आणि मोजमापं लिहायची. चिठ्ठी हरवली की पक्षी शोभेची वस्तू होतो, अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. शेवटी कपाटाच्या अंधाऱ्या, घट्ट बसणाऱ्या खणात ठेवायचं. उजेडाने रंग उडतो, मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते आणि कातडी खाणारे भुंगेरे तर टपलेलेच असतात.

गंमत म्हणजे हुबेहूब पक्षी तयार करून जपण्याची ही कला शिकाऱ्यांकडेही होती, फक्त हेतू उलटा. अमेरिकेत आणि युरोपात लाकडाची रंगवलेली बदकं दोरी आणि वजन बांधून पाण्यावर सोडतात. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं की खाली आपलीच मंडळी निवांत आहेत. थवा उतरतो आणि दबा धरलेल्या शिकाऱ्याच्या टप्प्यात येतो. ही युक्ती फार जुनी आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाच्या गुहेत पाणगवताची अकरा बदकं सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ती खड्ड्यात नीट झाकून ठेवली होती, पुढच्या हंगामासाठी. कोरड्या जागी आणि अंधारात ठेवल्यामुळेच ती टिकली.

आपल्याकडे वेगळी युक्ती होती. तळ्यात रिकामी मडकी तरंगत सोडायची. बदकांना त्यांची सवय झाली की माणूस डोक्यावर तसंच मडकं घालून गळ्यापर्यंतच्या पाण्यातून सरकत जायचा आणि बदकाचे पाय धरून त्याला पाण्याखाली ओढायचा. बाकीच्या थव्याला पत्ताही लागत नसे.

सलीम अलींकडे परत येऊ. महाविद्यालयात मन रमलं नाही म्हणून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायात गेले, पण तिथेही लक्ष पक्ष्यांकडेच. परत येऊन मुंबईत शिकले आणि १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात मार्गदर्शक म्हणून नोकरी मिळाली. मग रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझमान या नामवंत पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली.

नोकरी नाही म्हणून दोघं अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे एका झाडावर सुगरणींची वसाहत होती. सलीम अली दिवसच्या दिवस तिच्यासमोर बसून राहिले. त्यातून कळलं की नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच नर ते पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीला सुरुवात करतो. हे शोधायला बंदूक लागली नाही, धीर लागला.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. तेहमिना बरोबर असायच्या. मुक्कामाची व्यवस्था त्याच बघायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पहिलं मोठं पुस्तक आलं आणि सामान्य माणसाच्या हातात पक्षी ओळखण्याचं साधन पडलं.

इथे एक तारीख लक्षात ठेवा. १२ नोव्हेंबर १९३८. सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. त्याच दिवशी भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. एका दिवसात.

स्वातंत्र्यानंतर या तळ्यापुढे वेगळंच संकट आलं. पाणी काढून जमीन शेतीला द्यावी अशी मागणी जोर धरू लागली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत विषय नेला आणि तळं वाचलं.

मग त्यांनी तिथे आणखी एक गोष्ट घडवली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. त्यासाठी पक्षी जिवंत आणि इजा न होता पकडायला हवे होते. हे कुणाला जमतं? पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणाऱ्यांनाच. म्हणून बिहारमधले मीरशिकार कामाला घेतले. हात तेच, फास आणि जाळी तीच, पण पकडलेला पक्षी आता बाजारात जात नव्हता. त्याच्या पायात क्रमांकाचं हलकं कडं घालून त्याला सोडून देत. कड्यावर मुंबईच्या संस्थेला कळवा अशी सूचना असे. भरतपूरला सोडलेल्या बदकांची कडी पुढे थेट सोव्हिएत संघातून कळवली गेली. पाहुणे कुठून येतात त्याचा पुरावा मिळाला.

म्हणून सलीम अली शिकारीचे शत्रू होते असं समजायचं कारण नाही. अभ्यासासाठी त्यांनी हजारो पक्षी मारले आणि ते कधी लपवलं नाही. त्यावर टीकाही झाली. पण त्या जपून ठेवलेल्या पक्ष्यांशिवाय डिलन रिप्ली यांच्याबरोबरचा त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ उभा राहिला नसता, आणि कोणती जात कुठे राहते हे माहीत नसताना ती वाचवणार तरी कशी?

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. नांदूर मध्यमेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो १९८६ मध्ये. पुढच्याच वर्षी, वयाच्या नव्वदीत, सलीम अली गेले. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

आता महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. भरतपूरला ४,२७३ पक्षी पडले होते तीच ही तारीख. आज त्या दिवशी शाळेतली मुलं दुर्बीण घेऊन पाणवठ्यांवर जातात आणि पक्षी मोजतात.

जमलं तर या हिवाळ्यात पहाटे चापडगावला जा. भडक कपडे नकोत, गाणी नकोत, ड्रोन तर नकोच. आणि एखादा ओळखता न येणारा पक्षी दिसला तर त्याची नोंद करा. जागा, तारीख, वेळ, रंग. मिलार्ड यांनी दाखवलेल्या त्या चिठ्ठ्यांवर साधारण हेच लिहिलेलं होतं.