शिरोळची आई आणि श्रीगुरू

कारंज्याच्या माधव-अंबेच्या पोटी इ.स. १३७८ च्या सुमारास जन्मलेला नरहरी मुंजीपर्यंत बोलला नाही, नि मुंजीत एकदम वेद म्हणू लागला. पुढं काशीला संन्यास, तीर्थाटन, औदुंबरला चातुर्मास, आपल्या नृसिंहवाडीला १२ वर्षं आणि मग गाणगापूर. श्रीनृसिंहसरस्वतींचं हे चरित्र वाडीच्या भक्तांना पाठच आहे. पण दुसऱ्याचं वाईट झालं की 'भोगतोय कर्माची फळं' म्हणून मोकळे होणारे आपणच असतो, गुरुचरित्राचं पारायण करूनसुद्धा! श्रीगुरू कसे वागले ते बघा.

गोदाकाठी वासरला पोटशूळानं गांजलेला ब्राह्मण जीव द्यायला निघाला होता. मागच्या जन्मीची पापं तो स्वतःच मोजत होता. श्रीगुरूंनी त्याला थांबवलं आणि सायंदेवाकडं जेवायला बसवलं. अन्नानं हा मरेल म्हणून सायंदेव घाबरला; पण ब्राह्मण जेवला आणि बरा झाला.

शिरोळच्या गंगाधराच्या बायकोची गोष्ट याहून अवघड. तिची मुलं जन्मायची आणि जायची. गावातल्या ब्राह्मणानं कारण सांगितलं: गेल्या जन्मी एकाचे शंभर बुडवलेस, तो पिशाच होऊन सूड घेतोय. लेकरं गेलेल्या बाईला हे ऐकवणं म्हणजे काय, विचार करा. वर उपाय म्हणून औदुंबराची सेवा आणि शंभराचं दान. पैसा तर घरात नाही. ती सेवेला लागली. श्रीगुरू तेव्हा देहानं गाणगापुरी गेलेले. तरी स्वप्नात पिशाच मारायला धावलं तेव्हा ती औदुंबराकडं पळाली, तिथं तेच उभे. संन्यासी असून पक्षपात करता, असं पिशाचानं त्यांनाच सुनावलं. त्याचंही येणं होतंच की! श्रीगुरूंनी दोघांचा निवाडा केला: हिला जमेल तेवढं ही करील, त्यात तुलाही गती मिळेल, पण हिचा वंश सोड. सूड पिशाचाचा होता, गुरूंचा नव्हे.

तिला दोन मुलगे झाले. थोरल्याच्या मुंजीची तयारी चालली आणि तो धनुर्वातानं गेला. एका ब्रह्मचाऱ्यानं देह नश्वर, सगळं कर्माधीन, असं पुष्कळ समजावलं. बाईनं ऐकून घेतलं आणि उलट विचारलं, मग गुरूंनी वर कशाला दिला? प्रेत सोडेना. शेवटी औदुंबरापाशी पादुकांवर डोकं आपटत बसली. रात्री स्वप्नात श्रीगुरू आले, आणि जाग आली तर पोर उठून खायला मागत होतं.