पुस्तके बांधणारा शास्त्रज्ञ : मायकेल फॅरडे

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरीही शास्त्रज्ञांच्या चरित्रांत मला सर्वांत जवळचे वाटते ते मायकेल फॅरडे यांचे. ज्याला शाळा फारशी लाभली नाही आणि उच्च गणित कधी आले नाही, अशा एका लोहाराच्या मुलाने जगाला वीज निर्माण करण्याची रीत दिली!

फॅरडे यांचा जन्म लंडनजवळ न्यूइंग्टन येथे २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला. घरची गरिबी. लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण होताच तेराव्या वर्षी ते रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागले. पुढे सात वर्षे तेथेच पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. बांधणीला आलेली पुस्तके हीच त्यांची शाळा. १८१२ साली त्यांनी सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे सुवाच्य अक्षरात उतरवली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. तेच त्यांचे प्रमाणपत्र ठरले. मार्च १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले.

विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले होते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाचे उत्तर फॅरडेंना १८३१ साली मिळाले. तारेच्या पोकळ वेटोळ्यात त्यांनी चुंबक सरकवला. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलला. चुंबक बाहेर काढला. काटा उलट दिशेला हलला. चुंबक स्थिर ठेवला, काटा शून्यावर! नुसता चुंबक असून भागत नाही, बदल हवा, हे त्यांनी ओळखले.

प्रवाहाच्या दिशेचा नियम रशियातील लेन्झ यांनी १८३४ साली मांडला. उत्तर ध्रुव जवळ आणला, तर वेटोळ्याचे समोरचे टोक उत्तर ध्रुव बनून त्याला ढकलते. दूर नेला, तर तेच टोक दक्षिण ध्रुव बनून ओढून धरते. म्हणजे प्रवर्तित प्रवाह नेहमी आपल्याला जन्म देणाऱ्या बदलालाच विरोध करतो. मला यात जमाखर्चाची वही दिसते. हाताने त्या विरोधाविरुद्ध केलेले श्रम नावे पडतात, तेव्हाच वीज जमा होते. निसर्गाच्या खातेवहीत फुकटची नोंद नाही.

हाच हिशेब १९०२ साली आपल्या कर्नाटकात दिसला. शिवनसमुद्र येथे कावेरीच्या पाण्याने श्रम केले आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळाली.

फॅरडेंचा स्वतःचा जमाखर्च मात्र निराळाच होता. या शोधानंतर त्यांनी व्यावसायिक कामाची चांगली मिळकत बरीचशी सोडून दिली आणि संशोधन निवडले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. मुलांसाठी नाताळातील व्याख्याने मात्र आवडीने दिली. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडे वारले.

दहावीनंतर विज्ञान शाखा सुटली म्हणजे विज्ञानाशी नातेच तुटले, असे आपल्यापैकी अनेक जण मानतात. फॅरडेंचे चरित्र वाचल्यावर मला तरी ते पटत नाही. ज्ञानाच्या दारात प्रवेशअर्ज लागत नाही; लागते ती जिज्ञासा, आणि टिपणे काढण्याची चिकाटी.