एका छपराखाली : कर्मवीर भाऊराव पाटील

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपली वास्तू आणि तिच्या दात्यांचे स्मरण होणे स्वाभाविकच आहे. त्याबरोबरच, वास्तू कोणासाठी असते हे स्वतःच्या आयुष्याने शिकविणाऱ्या, आपल्याच समाजात जन्मलेल्या एका थोर पुरुषाचे स्मरण करणे मला उचित वाटते.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही घटना आपण झाकून ठेवू नये. निवारा गमावलेल्या त्याच तरुणाने पुढे हजारो मुलांना निवारा दिला.

ओगले काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर यांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. फिरती आम्हा व्यापाऱ्यांनाही नवी नाही. परंतु भाऊरावांनी त्या फिरतीत मालाच्या मागणीबरोबर माणसांची गरजही पाहिली. खेड्यातील मुलाचे शिक्षण अडते ते केवळ फीपायी नव्हे, तर परगावी राहण्याजेवणाची सोय नसल्यामुळे, हे त्यांनी ओळखले.

1919 मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत. स्वयंपाक, झाडलोट, शेती आणि बांधकाम स्वतःच्या हातांनी करीत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या संसाराचा खरा भार सौ. लक्ष्मीबाईंनी वाहिला. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरील दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही मोडले. 1930 मध्ये त्या निवर्तल्या. भाऊरावांनी कार्य थांबविले नाही. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल व 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. कर्मवीरांनी भुकेल्या मुलास आहार, अक्षरशत्रू घरास शास्त्र आणि अव्हेरलेल्यास अभय दिले. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या इमारतीतील एक खोली परगावच्या गरजू विद्यार्थ्यासाठी, त्याची जात न विचारता, कायम राखून ठेवावी, अशी माझी विश्वस्त मंडळास व समाजबांधवांस नम्र विनंती आहे. आपल्या एका बोर्डिंगाचे दार ज्यांच्यासाठी बंद झाले, त्यांचे ऋण एक दार उघडूनच फेडता येईल.